दारातला उजेड

धाकट्याने टेबलावरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कोपराने बाजूला सारला आणि मोकळ्या झालेल्या जागेत शाळेचं पाठ्यपुस्तक उघडून ठेवलं. कवितेवर त्याने बोट ठेवलं, पण त्याची गरज नव्हती. ती कविता टेबलामागे बसलेल्या बाईंचीच होती.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. मोठमोठ्या सभागृहांत वाचतेस ना?"

समोरच्या खुर्चीवरची संशोधक विद्यार्थिनी आपले कागद गोळा करू लागली. बाईंनी तिला हाताने थांबवलं, मग विचार बदलला आणि मानेनेच जायला सांगितलं. दार लागेपर्यंत बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

"या खोलीत दार वाजवल्याशिवाय कुणी येत नाही," बाई म्हणाल्या.

"मी कुणी नाहीच. मी कवितेतला आहे."

त्याच्या अंगात ड्रायव्हिंग स्कूलचं पिवळं जाकीट होतं. पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'शिका आणि निर्धास्त चालवा'. इंग्रजी विभागाच्या व्हरांड्यातून तो हे जाकीट मिरवत आला असणार, आणि दोन-चार प्राध्यापकांनी ते वाचलं असणार. बाईंनी चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या. त्यांचा राग आधी चष्म्यावर निघतो, हे सगळ्या विभागाला माहीत होतं.

"कवितेखालचा प्रश्न वाच," धाकटा म्हणाला.

बाईंनी चष्मा लावून वाचला. 'दारातून उजेड आत आला' या ओळीतून धाकट्या भावाचा भित्रेपणा कसा व्यक्त होतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.

"हा प्रश्न मी काढलेला नाही. मला विचारलं असतं तर टुकार आहे म्हणून सांगितलं असतं."

"टुकार का असेना, उत्तर काय?"

"कसलं उत्तर?"

"ठकीने काय लिहायचं? तिच्या वर्गाला यंदा हेच पुस्तक आहे. माझा आजोबा भित्रा होता, असं पोरीने तिच्या शब्दांत लिहायचं?"

ठकी म्हणजे त्याची नात. बाईंनी तिला शेवटची पाहिली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते.

ती कविता बाईंनी तिशीत लिहिली होती, परदेशातल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात. दिवसभर परक्या मुलांचे इंग्रजी निबंध तपासून झाल्यावर एका बैठकीत ती उतरली होती, आणि उतरली ती आपल्या भाषेत. त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा, घराच्या तळमजल्यावर छोटासा छापखाना होता. एक दिवस छापता छापता कागद सरकला, तो सावरायला अण्णांनी हात घातला आणि यंत्राने हातच धरला. मोटारीचं बटण दाराशी होतं. दारात धाकटा उभा होता. अण्णा ओरडले, बटण बंद कर. धाकटा पळून गेला. मग मोठ्या बहिणीने बटण बंद केलं, लोखंडी चाकाला लोंबकळून ते उलटं फिरवलं आणि हात सोडवला. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं गेली. धाकटा संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे सापडला. त्याला कुणी मारलं नाही, की कुणी काही विचारलंही नाही. कवितेत हे सगळं जेमतेम पानभर होतं, आणि मधोमध ती ओळ होती : 'दारातून उजेड आत आला, कारण दारात तू नव्हतास.'

ही एक ओळ बाईंना आयुष्यभर पुरली. संमेलनांना बोलावणी आली ती या ओळीवर, पुरस्कार आले तेही हिच्यावर. इंग्रजीवाले म्हणत, बाई मूळच्या कवयित्री, त्यामानाने शिकवतात बऱ्या. कवी म्हणत, बाई इंग्रजीच्या प्राध्यापक, त्यामानाने लिहितात बरं. बाईंनी दोघांचीही गय केली नाही. एका नामवंत कवीने संग्रह भेट पाठवला, तर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून त्यांनी तो साभार परत केला होता. तेव्हापासून विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'लाल शाई' म्हणत. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. आपण कुणाच्या भल्याबुऱ्यासाठी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, एवढी एकच गोष्ट त्या अभिमानाने सांगत.

"परवा तू ठकीच्या शाळेत येणार आहेस," धाकटा म्हणाला. "मुलं विचारणारच. एवढंच सांग की तो भाऊ काल्पनिक आहे."

"तो काल्पनिक नाही."

"मला माहितीये नाही ते. मी पळालो होतो, ताई. मी कधी नाही म्हणालो? खोटं लिहिलंस असं मी एकदा तरी म्हणालोय का?"

"मग तुझं म्हणणं काय आहे?"

"अकरा वर्षांचा होतो मी."

"वय दिलंय कवितेत."

धाकट्याने पुस्तक मिटलं. तो मोठ्याने बोलणारा माणूस. शिकाऊ माणसाच्या कानाशी ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा चढलेला होता. पण आता तो खाली आला.

"तू शिष्यवृत्ती घेऊन गेलीस. चांगलं केलंस. अण्णांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मी लावायचो. सकाळी लावायची, रात्री काढायची. ते जाईपर्यंत लावली. घास भरवले, दाढ्या केल्या, आणखी काय काय केलं ते तुझ्या या खोलीत बोलत नाही. त्याच्यावर तुझी एक ओळ नाही. ते गेले तेव्हा तू परिसंवादात होतीस."

"विमान मिळालं नाही."

"हो. तेव्हाही हेच सांगितलं होतंस."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हसलं. बाईंनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढून जागेवर आणला आणि कडा जुळवल्या.

"मी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलांसमोर तर नाहीच."

"कविता करतेस ना? मग एखादं खोटं काय जड आहे?"

"कविता करते म्हणूनच."

धाकट्याने पुस्तक काखेत घातलं. दाराशी जाऊन तो वळला.

"मुख्याध्यापिकेने मलाच सांगितलंय तुला घेऊन यायला. घरचा माणूस म्हणून. परवा दुपारी खाली उभी राहा. मला ताटकळायला वेळ नाही."

*

त्या दिवशी तो शिकवणीची गाडी घेऊन आला. टपावर पिवळा फलक, आणि पुढच्या दुसऱ्या आसनापाशी मास्तरसाठी जादा ब्रेक. बाई त्याच आसनावर बसल्या. पर्स मांडीवर घेऊन त्या समोर बघत राहिल्या.

"पाय सांभाळ," धाकटा म्हणाला. "तिथे ब्रेक आहे."

"दिसतोय मला."

पूल सुरू झाल्यावर धाकट्याला राहवलं नाही.

"तुझ्या कवितेचं मला कुणी सांगितलं माहितीये? गाडी शिकायला आलेल्या एका बाईने. कवयित्रीचे भाऊ तुम्हीच का, म्हणाली. मी छाती फुगवून हो म्हणालो. मग ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की तिचा पाय क्लचवरून सुटला. त्यानंतर कितीतरी जणांनी तोच विनोद केला. मास्तर, अपघात झाला तर पळून जाणार नाही ना?"

"लोक मूर्ख असतात."

"लोकांचं सोड. माझी कातडी गेंड्याची झालीये. ठकीला वर्गात काय म्हणतात, विचार."

बाईंनी विचारलं नाही.

"उजेड. ती दारातून जरा बाजूला झाली की पोरं ओरडतात, उजेड आला. फळ्यासमोरून हलली तरी तेच. परवा घरी आली आणि आईला म्हणाली, मी उद्यापासून शाळेत दारातून जाणारच नाही. मग कुठून जाणार? तर खिडकीतून म्हणाली."

गाडी गचका खाऊन पुलाच्या मधोमध थांबली. मागून भोंगे वाजले. धाकट्याने खाली वाकून पाहिलं.

"पाय काढ."

"चुकून लागला."

"तुझं चुकून काही लागत नाही. पाय काढ, ताई, मागचे लोक शिव्या देतायत."

बाईंनी पाय काढला. उरलेला रस्ताभर त्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिल्या. स्वतःच्या ओळीचे अर्थ त्यांनी कितीतरी जणांकडून ऐकले होते. समीक्षकांनी तिच्यात काय काय पाहिलं होतं, एकाने तर त्यावर प्रबंध लिहिला होता. शाळेच्या दारात एका पोरीवर ती फेकून मारता येते, हे कुणी लिहिलं नव्हतं.

*

शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुढची मुलं सतरंजीवर बसली होती. मुख्याध्यापिकेने बाईंची ओळख करून दिली आणि पुरस्कारांची नावं चुकवली. एरवी बाईंनी तिथल्या तिथे सुधारली असती. आज त्यांचं लक्ष ठकीला शोधण्यात होतं. ती खिडकीकडच्या बाजूला बसली होती, एकटी नव्हे, पण तिच्या दोन्ही अंगांना जरा जास्तच जागा मोकळी होती. नाक अण्णांचं होतं. पट्टीची कड ती तळहातात रुतवत होती, काढून वळ बघत होती आणि पुन्हा रुतवत होती.

मागे, पाणी पिण्याच्या नळापाशी धाकटा हाताची घडी घालून उभा होता. त्याला खुर्ची दिली होती, पण तो बसला नव्हता.

बाईंनी कविता वाचली. त्या उत्तम वाचत. आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याची कला त्यांनी अर्धं आयुष्य वर्गात घासून कमावली होती. पण त्या ओळीशी पोचल्या तेव्हा मुलांनी ती त्यांच्याबरोबर म्हटली, सगळ्यांनी, एका सुरात, आणि शेवटी कुणाला तरी हसू फुटलं. पाठोपाठ दुसऱ्याला. वर्गशिक्षिका डोळे वटारून उभी राहिली. ठकीने मान वर केली नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कविता कशी सुचते, किती वेळ लागतो, इंग्रजी शिकवता तर इंग्रजीत का लिहीत नाही. बाई उत्तरं देत होत्या. मग जाड चष्म्याची एक मुलगी उभी राहिली. ती खोडकर दिसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तो भाऊ खराच पळाला होता का?"

"असं वैयक्तिक विचारू नये," वर्गशिक्षिका म्हणाली.

"विचारू दे," बाई म्हणाल्या.

या प्रश्नाचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. कवितेतलं सत्य आणि कोर्टातली साक्ष यांत फरक असतो, अशी त्याची सुरुवात होती. ते उत्तर देशोदेशी देऊन झालेलं होतं. बाईंनी सुरुवात केलीही. "कवितेतलं सत्य आणि..." आणि तिथेच त्या थांबल्या. पुढचे शब्द आठवत नसावेत असं मुख्याध्यापिकेला वाटलं आणि तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाईंनी तो हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"भाऊ पळाला नव्हता," त्या म्हणाल्या. "दारात तो उभा होता, हे खरं. पण पळाले मी."

सभागृहात मागे कुठेतरी एक खुर्ची सरकली.

"मग बटण कुणी बंद केलं?" चष्मेवालीने विचारलं.

"त्याने. नंतर चाकही त्यानेच उलटं फिरवलं. अंगात ताकद नव्हती, म्हणून चाकाला लोंबकळला."

"मग कवितेत उलटं का लिहिलं?"

बाईंनी चष्मा काढला, पण काचा पुसल्या नाहीत.

"लिहिताना चांगली बाजू मी माझ्याकडे घेतली. लिहिणाऱ्याच्या हातात असतं ते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही. मुख्याध्यापिका वर्गशिक्षिकेकडे बघत होती, वर्गशिक्षिका पाठ्यपुस्तकाकडे. दाराशी उभा असलेला, कार्यक्रमाची बातमी करायला आलेला वार्ताहर इतका वेळ जांभया देत होता. तो आता भराभर लिहू लागला. मुलं वळून वळून ठकीकडे बघू लागली होती, आणि त्या बघण्यात काय आहे हे अजून त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. ठकी मात्र मागे बघत होती, नळापाशी. तिथे कुणी नव्हतं. आजोबा बाहेर निघून गेले होते.

*

धाकटा गाडीत बसून होता. स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट, जणू गाडी भरधाव चालली आहे. बाई या वेळी मागे बसल्या. दार लागल्याबरोबर तो म्हणाला :

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तूच आला होतास सांगायला."

"काल्पनिक म्हण, म्हणालो होतो. एक शब्द. हे एवढं रामायण कुणी मागितलं होतं?"

"काल्पनिक म्हटलं असतं तर पोरांनी विश्वास ठेवला नसता."

"आणि आता? उद्या छापून येईल. तुझे ते समीक्षक, तुझे ते कवी, फाडून खातील तुला. जन्मभर खरेपणाचा टेंभा मिरवलास ना?"

"माझं मी बघेन."

"बघशीलच. पुढच्या वर्षी त्याच्यावरही कविता करशील. भावासाठी कसा त्याग केला त्याची. आणि मी पुन्हा पुस्तकात."

त्याने आरशातून बाईंकडे पाहिलं आणि आरसा वळवला.

"तुझी भीक नको मला, ताई. जे मी केलं नाही ते माझ्या नावावर टाकलंस. ते चाक तुझं आहे. मी टाकीमागे बसून होतो. मला तिथपर्यंत आवाज येत होता."

ही गोष्ट त्याने आजवर कधी सांगितली नव्हती. बाईंच्या डोळ्यांसमोर टाकी आली, आणि ती घरापासून किती जवळ होती ते प्रथमच लक्षात आलं. त्या काही बोलणार होत्या, पण तेवढ्यात शाळा सुटली आणि मुलांचा लोंढा फाटकातून बाहेर पडला. त्यात ठकी होती. ती दप्तर सावरत, मध्येच कुणाशी तरी बोलत गाडीपर्यंत आली, मागचं दार उघडून बाईंच्या शेजारी बसली आणि बसल्याबसल्या पुढे वाकली.

"आजोबा, सगळे विचारतायत. मी काय सांगू?"

"पट्टा लाव आधी," धाकटा म्हणाला.

तिने पट्टा लावला. गाडी फाटकापासून निघाली. गर्दीतून वाट काढत ती मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ठकी मनात प्रश्न जुळवत होती.

"चाक खूप जड होतं का?" तिने विचारलं.

धाकट्याने गिअर बदलला. नंतर पुन्हा बदलला, गरज नसताना. बाईंना त्याची मान तेवढी दिसत होती, जाकिटाच्या कॉलरवर आलेली, पिकलेल्या केसांची. एक हो म्हटलं की झालं होतं. पोर उद्या वर्गात ताठ मानेने दारातून गेली असती, आणि जगात ते खोडून काढणारं कुणी नव्हतं. एक होतं, ते मागे बसलं होतं आणि तोंड उघडणार नव्हतं.

"मला काय माहीत," धाकटा म्हणाला. "मी पळालो होतो."

ठकीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारी. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली.

"मग आत्याआजी म्हणाली ते? ती पळाली होती ते?"

समोरची बस थांब्यावर थांबली होती. धाकट्याने तिला वळसा घातला, आरशात पाहिलं आणि गाडी पुन्हा डावीकडे घेतली.

"ती नंतर पळाली," तो म्हणाला. "तिला जरा वेळ लागला."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. दुकानं मागे पडत होती. मग त्या ठकीकडे वळल्या आणि नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या :

"जड होतं. खूप जड होतं."